बिल्ला नाही मिळाला तरी नदी आहे

पत्र:
«ताई, आम्ही दहिसरला राहतो. मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा सात. दोन वर्षांपूर्वी दोघांना शाळेतून काढलं, आता घरीच शिकवतो. माझी नणंद अमेरिकेत असते, तिची मुलंही घरीच शिकतात. तिकडच्या पार्कांमध्ये शाळेच्या दिवशी सकाळी खास अशा मुलांसाठी कार्यक्रम असतात. मुलं चिखलात हात घालून किडे बघतात, जुन्या घरात जाऊन लोणी घुसळतात, ज्युनिअर रेंजरचा बिल्ला लावून घरी येतात. ते फोटो बघून माझी मुलगी विचारते, आपल्याकडे असं का नाही? मी शोधलं. मला सापडलं ते सगळं शनिवार-रविवारी, आणि दोघांची फी भरायची तर आमचं महिन्याचं गणित कोलमडतं. एकदा हिंमत करून गेलो, तर पंचवीस मुलांमागे एकच माणूस. धाकट्याला शेवटपर्यंत काही दिसलं नाही. सासूबाई म्हणतात, शाळा बुडवून पोरं बागेत हुंदडतायत. त्यांना काय सांगू, आणि मुलांसाठी काय शोधू? – दहिसरची एक आई»

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा पत्ताच डोळ्यांत भरला. दहिसरला राहता आणि विचारता काय शोधू? तुमच्या गावाच्या नावाची नदी आहे हो! नाला म्हणतात तिला आता, मान्य. पण ती बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तुळशी तलावाजवळ उगम पावते, जंगलातून खाली येते, श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा करत दहिसर गावठाणापाशी जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून सुमारे १२ किलोमीटर. डोंगर, लेणी, तबेले, पूल, कोळीवाडे आणि तिवरं एवढं सगळं १२ किलोमीटरमध्ये दुसरीकडे कुठे दाखवणार मुलांना? तयार कार्यक्रम शोधण्यात आणखी एक वर्ष घालवू नका. या वर्षी ही एक नदी धरा.

नणंदेच्या मुलांचं कौतुक आहेच. ज्युनिअर रेंजरची पद्धत चांगली आहे. मुलं त्या त्या पार्कची पुस्तिका भरतात, रेंजरसमोर हात वर करून शपथ घेतात आणि मग बिल्ला मिळतो. मुलांना बिल्ला आवडतो, आपल्यालाही कुठे नको असतो? पण तिथलं खरं मोलाचं काय आहे, तर शाळेच्या दिवशीची रिकामी सकाळ. ती तुमच्याकडे आहे. मुंबईतल्या लाखो आयांकडे नाही. रविवारी नॅशनल पार्कच्या गेटवर जी जत्रा असते ती मंगळवारी सकाळी नसते. (सोमवारी पार्क बंद असतं, नाहीतर हौसेनं जाल आणि परत याल.)

मी एका शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. बावन्न मुलं घेऊन याच पार्कातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना गेलो होतो. लेण्यांत वेळ मिळाला जेमतेम दीड तास. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला. चाळीसेक वह्यांमध्ये माकडानं कुणाचं वेफर्सचं पाकीट पळवलं याचं रसभरीत वर्णन होतं. एका मुलानं मात्र लिहिलं होतं, ‘एका टाक्यात बेडकाची पिल्लं होती. पाणी आटल्यावर ती कुठे जातील हे मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, लाइन सोडू नकोस.’ ती बाई मीच. तो मुलगा तिथेच तासभर बसला असता तर त्याला पाणी, पावसाळा, दगड, बेडूक आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू, सगळं एका टाक्यात मिळालं असतं. माझ्याकडे बस होती आणि बसला वेळ होती. तुम्हाला तसली घाई नाही.

तर कान्हेरीपासूनच सुरुवात करा. गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत आहे, बस मिळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही, पार्कचं तिकीट मात्र वेगळं. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि पहिल्या दिवशी तुम्ही दोनच बघायची. तीन नंबरचं मोठं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, बघा आणि मग वर चढून भिक्षूंच्या राहण्याचं कुठलंही एक. धाकट्याच्या हातात दोरी द्या. दगडी बाक केवढा लांब, त्यावर तो झोपून मावतो का, दारातून आई वाकल्याशिवाय जाते का, हे त्यानं मोजायचं. मग बाहेरचं टाकं दाखवा आणि सांगू काहीच नका. कातळात कोरलेल्या बारीक पन्हाळी कुठून कुठे जातात ते त्यालाच शोधू दे. छतावर पडलेलं पावसाचं पाणी टाक्यात आणायची ती सोय आहे. सात वर्षांच्या मुलाला ती बोटानं गिरवत गेलं की कळते, फळ्यावर समजावून कळत नाही. जूनमध्ये एकदा, ऑक्टोबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा त्याच टाक्यापाशी जा. पाणी किती वीत खाली गेलं ते त्याच्या वहीत येऊ दे. टाक्यात वाकायचं नाही, काठावर बसून काठी सोडायची, एवढा नियम पाळा.

मोठीसाठी लेण्यांच्या भिंतींवर दुसरं काम आहे. तिथे कोरलेले लेख ब्राह्मी या जुन्या लिपीत आहेत, तिला ती अक्षरं शिकवा. अवघड नाहीत. अधिकच्या चिन्हासारखा ‘क’, उभ्या रेघेसारखा ‘र’. अकरा वर्षांच्या मुलीला दोन-तीन आठवड्यांत बरीचशी येतील आणि मग ती मैत्रिणींना गुप्त चिठ्ठ्या लिहील, तेव्हा रागावू नका. कान्हेरीतल्या अक्षरांना अशोकाच्या काळातल्यापेक्षा थोड्या शेपट्या फुटल्यात, तेवढं सांभाळून घ्यायचं. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं ही लिपी १८३७ च्या सुमारास उलगडली ती कशी, हे तिला आधी गोष्टीसारखं सांगा. सांचीच्या कितीतरी छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरं येतायत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ही देणगी देणाऱ्यांची नावं असणार, शेवटचा शब्द ‘दानं’ असणार, असा त्यानं तर्क बांधला. तुमच्या मुलीनं कान्हेरीत तेच करायचं. इथे ‘देयधम’ शोधायचं, म्हणजे धर्मासाठी दिलेली देणगी. ‘पोढि’ शोधायचं, म्हणजे ते पाण्याचं टाकं. आणि ‘कलियण’ शोधायचं. कलियण म्हणजे आपलं कल्याण. रोज स्टेशनवर ज्याची घोषणा ऐकतो तिथल्या माणसांनी इथे लेणी आणि टाकी खोदायला पैसे दिले आणि तसं दगडात लिहून ठेवलं. कुठला लेख कुठल्या लेण्यात आहे ते मात्र घरी बघून जा. शंभर लेण्यांतून उन्हात शोधत हिंडलात तर मुलगी इतिहासालाच रामराम ठोकेल.

त्या देणगीदारांत सोपाऱ्याचेही लोक आहेत. सोपारा म्हणजे नालासोपारा, दहिसरहून विरार लोकलनं अर्धा तास. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खोदला. आज बघायला गेलात तर विटांचा एक उंचवटा आणि भोवती झाडं, बस. ते उजाड असलं तरी जा. मग पुढच्या महिन्यात कधीतरी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा बघा. हा क्रम उलटा करू नका, असं माझं अनुभवाचं मत. आधी म्युझियम दाखवलं की मुलांना सगळे दगड सारखे वाटतात. ज्या गावी आपण वडापाव खाल्ला, तिथला दगड काचेमागे दिसला की ती थांबतात. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे, त्याच फेरीत होऊन जाईल.

आता पुन्हा नदीकडे. जंगलातल्या भागात काठावर बसा आणि दोघांना दहा मिनिटं फक्त बघायला लावा. पाण्यावर चालणाऱ्या निवळ्या, चतुर, दगडाखालचा खेकडा. पावसाळ्यात पाण्यात पाय घालायचा नाही. डोंगरात वर पाऊस पडला की खाली लोंढा येतो आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊन असू शकतं. एका बाटलीत पाणी भरून घ्या. दुसरी बाटली पार्काबाहेर आल्यावर एखाद्या पुलावरून, दोरीला बांधलेल्या डब्यानं. तिसरी गावठाणाजवळ. खालच्या दोन ठिकाणी पाण्याला हात लावू द्यायचा नाही, हातमोजे घाला. तिन्ही बाटल्या झाकण घट्ट लावून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाला काय बसलं, रंग कुठला, हे दोघं बघतील आणि मोठी विचारेल की मध्ये झालं काय. मग मधलं बघायला चालत जायचं. तबेल्याचं शेण कुठून येतं, गटार कुठे सोडलंय, कचरा कुठल्या वळणावर अडकतो, याचा नकाशा तिनं काढायचा. तुमच्या भागातल्या जुन्या माणसांना त्या नदीत पोहल्याचं आठवत असेल. त्यांना गाठून तारखेसकट लिहून घ्यायला सांगा. इतिहास आणि निसर्ग असे दोन वेगळे तास इथे ठेवताच येत नाहीत.

वाटेत मंडपेश्वर आहेच. बोरिवलीतलं हे शिवाचं लेणं एके काळी नदीच्या काठाला होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, डोक्यावर बांधलेल्या इमारतीचे भग्न अवशेष अजून उभे आहेत, आणि खाली आता पुन्हा पूजा होते. मुलं विचारतील ते प्रश्न अवघड असतील. उत्तरं घाईनं देऊ नका. भिंतीवर काय कोरलं होतं, काय फोडलं, काय नंतर बांधलं, एवढं आधी कागदावर काढू दे.

शेवटचा टप्पा खाडीचा. गोराईच्या जेट्टीकडे ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (हे मासेच) दिसतात, एकच नांगी अवाढव्य असलेले खेकडे दिसतात, आणि तिवरांची श्वास घ्यायला वर आलेली मुळं. ओहोटी कधी, हे ॲपवर बघू नका. किंवा बघा, पण नंतर ताळा करायला. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यात सहा मिळवले की ओहोटी. म्हणजे द्वितीयेला भरती दीडला, आणि ओहोटी साधारण साडेसातला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त आत हटतं, म्हणून द्वितीयेची सकाळ उत्तम. घरात कालनिर्णय असेलच. मोठीला सांगा, पुढच्या महिन्यातल्या जायच्या दोन तारखा तू काढ. पाऊणपट हे अपूर्णांकाचं गणित आहे हे तिला कळायच्या आत तिनं ते सोडवलेलं असेल. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे डंख मारणारे जीव वाहून येतात, तेव्हा अनवाणी चालायचं नाही. आणि जिवंत शंख खिशात घालून आणायचे नाहीत. घरी दुसऱ्या दिवशी त्यांचा वास सुटला की धडा मिळतो म्हणा, पण तो शंखाला महागात पडतो.

कार्यक्रमांना अजिबात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. वर्षाकाठी चार करा, पण निवडून. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, ही १८८३ सालापासूनची संस्था आहे, तिचं गोरेगावला फिल्मसिटीजवळ जंगलाला लागून शिक्षण केंद्र आहे. नॅशनल पार्कचं स्वतःचं निसर्ग माहिती केंद्र आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या फेऱ्यांसाठी मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी आहेत. शीव आणि धारावीच्या मध्ये मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं, आणि ते पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. नदीचा नकाशा काढून झाल्यावर मुलांना तिथे न्याच, हे सगळं पुन्हा हिरवं होऊ शकतं हे बघायला. हिवाळ्याच्या शेवटी फ्लेमिंगोंसाठी ऐरोली. भायखळ्याला राणीच्या बागेत झाडं बघा, पेंग्विनच्या रांगेत सकाळ घालवू नका. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला आणि इथेच राहिला. धाकट्याला ही गोष्ट फार आवडेल.

पैसे भरण्याआधी फोन करून एवढंच विचारा: एका माणसामागे मुलं किती, आणि तीन तासांत चालणं किती, बसणं किती? दहा-बारा मुलांच्या वर असेल तर सोडून द्या. आणि ‘हँड्स-ऑन ॲक्टिव्हिटी’ असं लिहिलेलं असलं की ती कुठली, हेही विचारा. बऱ्याचदा कार्डशीटचं फुलपाखरू कापून त्याला चमकी लावायची असते. ते घरी होतं, आणि चमकी घरभर होते ती वेगळीच.

फीचं आणि वाराचं गणित सुटतं ते चार-पाच कुटुंबं एकत्र आली की. तुमच्या पट्ट्यात घरी शिकणारी आणखी मुलं असतील, नसतील तर सकाळची शाळा सुटल्यावर येऊ शकणारी दोन-तीन शेजारची घ्या. दहा मुलांचा गट झाला की संस्थेला पत्र लिहा: ‘आम्ही शाळा नाही, अमुक वयाची दहा मुलं आणि पाच पालक आहोत, मंगळवार ते गुरुवार कुठल्याही सकाळी येऊ शकतो, आम्हाला एकच विषय हवा.’ गर्दीचे वार टाळणारा गट कुणालाही सोयीचा असतो. लेटरहेड मागितलं तर गडबडू नका. साध्या कागदावर सगळ्या पालकांच्या सह्या आणि फोन नंबर द्या. एकदा नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा, माणसं बदलतात.

सासूबाईंचं. त्यांची काळजी खोटी नाही हो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, आणि घरच्या शिक्षणाचं त्यात स्पष्ट नाव नाही, म्हणून आजी-आजोबांना धाकधूक वाटणारच. त्यांना सांगा, दहावीचं दार उघडं आहे. चौदा पूर्ण झाल्यावर एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते, राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. वाचन आणि गणित रोज घरी बसून होतंय हे त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या. मुलांच्या तारीखवार वह्या, नकाशे, पाण्याची मोजमापं एका फाइलमध्ये लावा. उद्या कुणी अधिकारी विचारायला आला तरी तीच कामाला येईल, आणि पाहुणे आले की सासूबाईच ती काढून दाखवतील, बघा तुम्ही.

पण याहून बरा उपाय म्हणजे त्यांना बाई करा. म्हणजे मास्तरीणबाई. पहिला पाऊस झाला की बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. त्यांच्याकडून विकत आणा (पार्कातून एक पानही तोडायचं नाही, आणि स्वतः ओळखून कुठली भाजी शिजवायची तर मुळीच नाही) आणि सासूबाईंच्या पुढ्यात टाका. शेवळं नुसती केली तर घसा खाजतो, त्यात काकडं, म्हणजे ती आंबट फळं, का घालायची, हे त्या सांगतील आणि मुलांना निवडायला बसवतील. गणपतीत पत्रीची पानं नावानिशी ओळखायचं कामही त्यांचंच. हुंदडणं कसलं, हा तर माझाच विषय, असं त्यांना वाटलं की अर्धं भांडण मिटलं.

कारवी नावाच्या झुडपाबद्दल मुलीला सांगून ठेवा. पार्कात ती आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. आता २०३२. तोवर तिची नुसती पानं आणि काटक्या बघायच्या, तीच झुडपं दर वर्षी. तेव्हा तुमची मोठी कॉलेजात असेल आणि तुम्हाला सोबत नेईलच असं नाही.

पहिल्या दिवसासाठी एवढं करा. सकाळी गेट उघडल्याबरोबर आत शिरा, रस्ता सोडून झाडीत जाऊ नका, धाकट्याला मागे रेंगाळू देऊ नका आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी बाहेर या. जंगल बिबट्याचं आहे आणि पाड्यांवरची माणसं त्याला वाघोबा म्हणून हात जोडतात, ते उगाच नाही. दोरी, दोन वह्या, झाकणाची बाटली, टोप्या. डबा बसमध्ये बसल्यावरच खा. लेण्यांपाशी उघडलात तर मुलांच्या वहीत पुन्हा माकडंच येतील.